बायोलॉजीत यूसी डेव्हिसला ट्रान्सफर झालात? पहिल्या क्वार्टरचं वेळापत्रक असं लावा

पुण्या-मुंबईत बी.एस्सी. केलेल्या आई-बाबांना ही भानगड चटकन उमजत नाही. तिकडे वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागायचं, आपण ते वहीत उतरवून घ्यायचो, संपलं. इथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजची, दोन वर्षं करून यूसीच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, तिसऱ्या वर्षात आलेल्या मुलाला कोणी आयतं वेळापत्रक देत नाही. ते त्याने उन्हाळ्यात, ठरवून दिलेल्या वेळी, इतरांनी मागे ठेवलेल्या जागांमधून जुळवायचं असतं. बायोलॉजीत तर एका विषयावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा अवलंबून असतो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये सुटलेला एक विषय पदवी दोन-तीन क्वार्टर (दहा-अकरा आठवड्यांची सत्रं) पुढे ढकलू शकतो.

हा लेख यूसी डेव्हिस डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रॅमॉनकडची आपली बरीच मुलं डी अँझा, ओलोनी किंवा डायब्लो व्हॅलीतून तिकडे जातात. डेव्हिस टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी, देतं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्व्हाइन किंवा सांता बार्बराला जाणाऱ्यांसाठी विषयांचे नंबर बदलतील, रीत तीच राहील. नंबर आणि अटी दरवर्षी थोड्याफार हलतात, म्हणून नोंदणीच्या आदल्या दिवशी त्या वर्षाचा कॅटलॉग उघडून बघायचाच.

पहिलं काम: हातात काय आहे ते कागदावर मांडा

असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर तुमचं कम्युनिटी कॉलेज, डेव्हिस आणि तुमचं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडा. कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या बदल्यात धरला जातो, ते शेजारी-शेजारी दिसतं. डी अँझाचे बायोलॉजी ६ए, ६बी आणि ६सी हे तिन्ही मिळून डेव्हिसच्या बीआयएस २ए, २बी, २सी या मालिकेच्या जागी बसतात. इथे ‘तिन्ही मिळून’ हे महत्त्वाचं. मालिका अर्धी झालेली असेल तर अर्धीच सूट मिळेल असं मुळीच नाही. कधीकधी काहीच मिळत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्सलाही हेच लागू आहे.

दुसरी अडचण स्टॅटिस्टिक्सची. कम्युनिटी कॉलेजात केलेलं स्टॅटिस्टिक्स बहुतेक वेळा एसटीए १३ म्हणून धरलं जातं. बायोलॉजीच्या मेजरना मात्र सहसा एसटीए १०० लागतं आणि ते डेव्हिसलाच करावं लागतं. ‘माझं स्टॅट झालंय’ म्हणणाऱ्या मुलाला हे ऑगस्टमध्ये कळतं. तसं हे वाईट नाही, त्याचा फायदा पुढे सांगतो.

अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचायला हवं. पाठवलं म्हणजे लगेच सिस्टीममध्ये चढलं असं होत नाही. क्रेडिट चढलेलं नसेल तर नोंदणी करताना कंप्युटर म्हणतो, तुमची प्रीरेक (या विषयाआधी लागणारे विषय) पूर्ण नाही. अशा वेळी त्या विभागाकडे प्रीरेक पिटिशन टाकता येतं. त्यासाठी अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि जुन्या विषयांचे सिलॅबस पीडीएफमध्ये तयार ठेवा. कम्युनिटी कॉलेजचं कॅनव्हास खातं (विषयांचं साहित्य असतं ती साइट) बंद होण्याआधीच सिलॅबस उतरवून घ्या, नंतर जुन्या प्राध्यापकांना ईमेल करत बसावं लागतं.

आणि हो, प्रवेश सशर्त असतो. अर्जात लिहिलेला एखादा विषय उन्हाळ्यात सोडला, किंवा त्यात सीच्या खाली ग्रेड आली, तर कॅम्पसला आपणहून कळवायचं. गप्प बसून निभावत नाही.

मग सहा क्वार्टर उलटे मोजा

पदवीला १८० क्वार्टर युनिट लागतात. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजातून आलात तर तुमची युनिटं दीडपट होतात: ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट. कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त १०५ क्वार्टर, म्हणजे ७० सेमिस्टर, युनिटं मोजली जातात. ९० घेऊन आलेल्याला दोन वर्षांच्या सहा क्वार्टरमध्ये उरलेली ९० करायची आहेत, सरासरी १५. पहिल्या क्वार्टरला १३ घेतली तर उरलेल्या पाचांत ७७ येतात, सरासरी साडेपंधराच्याही आत. १०५ घेऊन आलेल्याला तर सरासरी साडेबाराच पुरतात.

हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण घरोघरी एकच घोषणा ऐकू येते: पहिल्याच क्वार्टरला १८-१९ युनिट घे, म्हणजे लवकर सुटशील. युनिटं हा सहसा अडसर नसतोच. मुलं अडकतात ती विषयांच्या क्रमात.

साखळी: आधी कुठलं दार उघडायचं

बायोलॉजीच्या बहुतेक मेजरना तिसऱ्या वर्षात हे विषय लागतात: बीआयएस १०१ म्हणजे जेनेटिक्स, ४ युनिट. बीआयएस १०२, प्रथिनं-एन्झाइमांची रचना आणि कार्य, ३ युनिट. बीआयएस १०३, मेटाबॉलिझम, ३ युनिट. बीआयएस १०४, सेल बायोलॉजी, ३ युनिट. १०३ ला आधी १०२ लागतो. १०४ ला १०१ लागतो आणि सोबत बायोकेमिस्ट्रीही. १०२ मात्र ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर उभा आहे. पुढचे मेजरचे विषय आणि मोठ्या लॅब या चारांच्या मागे रांगेत असतात. उदाहरणार्थ बायोकेमिस्ट्रीची लॅब.

म्हणजे फॉलमध्ये, वर्षाच्या पहिल्या क्वार्टरला, १०१ आणि १०२ झाले, तर विंटरमध्ये १०३ आणि १०४ दोन्ही घेता येतात आणि स्प्रिंगपासून तुम्ही मेजरच्या खास विषयांना मोकळे. दोन्हींना जागा मिळाली नाही आणि एकच हाती लागला, तर कुठला? ज्याच्या मागे तुमच्या मेजरची लांब रांग आहे तो. बायोकेमिस्ट्री किंवा सेल बायोलॉजीवाल्यांनी १०२ सोडू नये.

इथे एक फाटा आहे. बीआयएस १०५ हा एकाच क्वार्टरचा बायोकेमिस्ट्रीचा विषय आहे. काही मेजरना १०२-१०३ या जोडीऐवजी तो चालतो, बायोकेमिस्ट्री अँड मॉलेक्युलर बायोलॉजीसारख्या मेजरना चालत नाही. मेजर बदलण्याचा जरा जरी विचार डोक्यात असेल तर जोडीच घ्या. १०५ करून नंतर मेजर बदललं की १०२ पासून पुन्हा सुरुवात करावी लागू शकते.

ऑरगॅनिक राहिलं असेल तर

ही वेळ पुष्कळांवर येते, कारण कम्युनिटी कॉलेजात ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये जागा मोजक्या असतात. पूर्ण मालिका झाली नसेल तर अर्धी तिकडे आणि अर्धी डेव्हिसला करण्याचा मोह टाळा. सेमिस्टरवाल्यांकडे ती दोन भागांत असते, डेव्हिसला ११८ए, बी, सी अशी तीन भागांत. धडे कुठे तुटतात ते जुळत नाही. मग एक धडा दोनदा होतो आणि दुसरा कधीच होत नाही. उन्हाळ्यात जुन्या कॉलेजातच शेवटचा भाग संपवता आला तर उत्तम. ते जमणार नसेल तर फॉलमध्ये सीएचई ११८ए पासून सरळ सुरुवात करा.

अशा विद्यार्थ्याचं पहिलं क्वार्टर साधारण असं दिसेल: सीएचई ११८ए, ४ युनिट, एसटीए १००, ४ युनिट, आणि एक लिखाणाचा विषय, यूडब्ल्यूपी १०१ किंवा बायोलॉजीवाल्यांसाठीचा १०२बी, ४ युनिट. झाली १२. वर एक-दोन युनिटांचा सेमिनार घेतला की पुरे. डेव्हिसच्या फर्स्ट-इयर सेमिनारमध्ये नव्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांनाही घेतात; वर्ग लहान असतो आणि निदान एका प्राध्यापकाला तुमचं नाव तरी कळतं. पुढे लॅबमध्ये काम मागताना किंवा शिफारसपत्र हवं असताना त्याचा उपयोग होतो.

ऑरगॅनिक झालेल्याचं चित्र वेगळं: बीआयएस १०१, बीआयएस १०२ आणि एसटीए १००, मिळून ११. त्यावर डी अँझा किंवा फूटहिलहून आलेल्याने चार युनिटांचा एखादा जीईचा (जनरल एज्युकेशन, मेजरबाहेरचा सक्तीचा) विषय घेतला तरी चालेल, कारण क्वार्टरचा वेग त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. ओलोनी, मिशन, डायब्लो व्हॅली या सेमिस्टरवाल्या कॉलेजांतून आलेल्याने सेमिनारवर थांबावं. मला विचाराल तर पहिल्या क्वार्टरला १३ हा आकडा उत्तम. विद्यापीठाची अपेक्षाही सरासरी १३ युनिटांचीच आहे.

एसटीए १०० चा फायदा म्हणालो तो हा: तो नंतरच्या बऱ्याच विषयांना लागतो, त्यात लॅब रिपोर्टची कटकट नाही, आणि १०१-१०२ च्या जोडीला डोक्याला वेगळं खाद्य मिळतं. तीन पाठांतराचे विषय एकदम घेण्यापेक्षा हे बरं.

शरीरक्रियाशास्त्राचा एनपीबी १०१ हा ५ युनिटांचा विषय प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या, मुलांना पहिल्याच क्वार्टरला खुणावतो. विषय सुंदर आहे, पण अभ्यास प्रचंड. त्याला विंटर किंवा स्प्रिंगपर्यंत थांबायला सांगा. यूसीचा जीपीए शून्यापासून सुरू होतो, कम्युनिटी कॉलेजचा ३.९ तिथे सोबत येत नाही. पहिल्या क्वार्टरचे तीन-चार ग्रेड म्हणजे तेव्हाचा अख्खा जीपीए. मेडिकल स्कूल मात्र अर्जात दोन्हीकडचे ग्रेड मोजतात.

१३ युनिट म्हणजे आठवड्याचे किती तास?

यूसीच्या नियमानुसार एक युनिट म्हणजे आठवड्याला सगळं धरून तीन तासांचं काम. १३ युनिटांचे ३९ तास, १५ चे ४५. त्यात २० तासांची नोकरी धरली की १५ वाल्याचा आठवडा ६५ तासांचा होतो, आणि अजून स्वयंपाक, कपडे, झोप बाकीच आहे. नोकरी करावीच लागत असेल तर १२-१३ च्या वर जाऊ नका.

१२ च्या खालीही जाऊ नका. बहुतेक आर्थिक मदत पूर्णवेळ म्हणजे १२ युनिटांवर मोजली जाते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तर ते बंधनच आहे. एच-४ वर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, वाढलेली आपली अनेक मुलं २१ पूर्ण होताना एफ-१ वर जातात, आणि ते बहुधा ट्रान्सफरच्याच सुमारास होतं. त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: पूर्णवेळच्या हिशोबात एका टर्मला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. दोन ऑनलाइन विषय घेऊन १२ भरले तर कागदावर १२ दिसतील, पण व्हिसाच्या हिशोबात कमी पडतील. विषय सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, सोडल्यावर नाही.

आता घड्याळ

डेव्हिसमध्ये सोमवार-बुधवार-शुक्रवारचं लेक्चर ५० मिनिटांचं आणि मंगळवार-गुरुवारचं ८० मिनिटांचं असतं. बर्कलीत लेक्चर दहा मिनिटं उशिरा सुरू होण्याची जुनी रीत आहे, डेव्हिसमध्ये ९ म्हणजे ९. तास सुटला की हजारो सायकली एकदम रस्त्यावर येतात आणि सायकलींसाठी बांधलेल्या गोल चौकांत नवखे हमखास गोंधळतात. लागोपाठ दोन लेक्चर घेताना नकाशावर दोन्ही इमारतींमधलं अंतर बघा. १० मिनिटांत कॅम्पसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचता येतं, पण सायकल हवी. पहिला आठवडा तरी लागोपाठ तीन तास ठेवू नका.

लेक्चरच्या जोडीला डिस्कशन सेक्शन किंवा लॅब असते, आणि वेळापत्रक खरं तीच अडवते. फिजिक्स ७ए घेणार असाल तर हे आधी बघा: त्यात आठवड्याला एकच ८० मिनिटांचं लेक्चर असतं, पण डिस्कशन-लॅब दोनदा, प्रत्येकी २ तास २० मिनिटं. तिथे गटात बसून गणितं सोडवायची असतात, हजेरी महत्त्वाची असते. चार युनिटांच्या विषयाने दोन दुपारी खाल्ल्या. त्यात ऑरगॅनिकची लॅब आली की आठवड्यात मोकळी सलग दुपार एखादीच उरते. म्हणून पहिल्या क्वार्टरला एकच लॅब, फार तर एक लॅब आणि एक डिस्कशन. फिजिक्स थांबू शकतं.

शुक्रवारी संध्याकाळची लॅब घेताना आईला विचारून घ्या, असं मी अर्धं गमतीत सांगतो. बे एरियाकडे जाणारी कॅपिटल कॉरिडॉर ट्रेन डेव्हिसला थांबते आणि पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी घरी पळणारी मुलं पुष्कळ असतात. पळू द्या. फक्त सहाची लॅब आणि साडेसहाची गाडी हे जमत नाही.

मिडटर्मचं गणित वेगळंच. क्वार्टर शिकवण्याच्या १० आठवड्यांचं, अकराव्यात फायनल. पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुसरी सहाव्या-सातव्यात. सेमिस्टरवाला अजून पुस्तकाची ओळख करून घेत असतो, तोवर पहिली परीक्षा उरकलेली असते. डेव्हिसचं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. गणपती सहसा त्याआधी होऊन जातात, दिवाळी मात्र दरवर्षी बरोबर मिडटर्मच्या दिवसांत येते. २०२६ ची लक्ष्मीपूजनाची तारीख ८ नोव्हेंबर आहे. सिलॅबस हातात आला की परीक्षांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, म्हणजे ‘दिवाळीला येतोयस ना’ हा फोन परीक्षेच्या आदल्या रात्री येणार नाही.

फायनलच्या तारखाही आत्ताच बघा. स्केड्युल बिल्डर या नोंदणीच्या साइटवर विषय निवडताना खालीच फायनलचा दिवस आणि वेळ दिसते. १०१, १०२ आणि स्टॅटच्या फायनल एकाच दिवशी येत असतील तर वेगळ्या वेळचं लेक्चर निवडा. डिसेंबरमध्ये रडून उपयोग नसतो.

नोंदणीचा दिवस

आधीपासून शिकणाऱ्यांची फॉलची नोंदणी मे महिन्यातच सुरू झालेली असते. तुमची पाळी उन्हाळ्यात, ओरिएंटेशननंतर येते. ओरिएंटेशनची ऑनलाइन कामं अपुरी असतील तर नोंदणीवर होल्ड लागतो, तो दोन दिवस आधीच तपासा. तुम्हाला ठरावीक तारीख आणि वेळ दिली जाते. त्या मिनिटाला लॅपटॉप समोर हवा, विमानात नको. भारतात सुट्टीला गेलेला असाल तर डेव्हिसची सकाळ म्हणजे आपली रात्र, गजर लावा.

स्केड्युल बिल्डरमध्ये तीन वेळापत्रकं आधीच साठवून ठेवा. पहिलं मनासारखं. दुसऱ्यात विषय तेच, पण वेळा नकोशा: सकाळी ८ चं लेक्चर, रात्रीची लॅब. तिसऱ्यात १०१ किंवा १०२ पैकी एक नाहीच असं धरून. नकोशा वेळांना जागा टिकून असतात. पहिल्या क्वार्टरला सकाळी ८ चं १०२ मिळत असेल तर घ्या, कुरकुर करत का होईना. क्लिकचा क्रमही ठरवून ठेवा: आधी साखळीतला विषय आणि त्याची लॅब किंवा डिस्कशन, मग स्टॅट, शेवटी जीई. जीईचं तोंडीलावणं कधीही मिळतं.

जागा नसेल तर वेटलिस्टवर नाव टाका. पहिल्या दोन आठवड्यांत लोक विषय सोडतात आणि लिस्ट सरकते. वेटलिस्टवर आहात म्हणून लेक्चरला जायचं नाही, असं करू नका. जागा मिळेपर्यंत चौथा धडा झालेला असतो. लॅबच्या पहिल्या दिवशी गैरहजर राहिलात तर मिळालेली जागाही जाऊ शकते, आणि चप्पल घालून गेलात तर आत घेत नाहीत. बंद बूट, पूर्ण पँट.

ॲडव्हायझरकडे जाण्याआधी वर सांगितलेला कागद भरून न्या: काय झालं, काय राहिलं, सहा क्वार्टरची रिकामी कोष्टकं. ‘मी काय घेऊ?’ असं विचारलंत तर ठरावीक उत्तर मिळतं. ‘१०२ ला जागा नाही, १०१ सोबत ७ए घेतलं तर १०४ कधी बसेल?’ असं विचारलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

वर्ग सुरू झाल्यावर

विषय वाढवण्याची मुदत शिकवण्याच्या बाराव्या दिवसापर्यंत असते. सोडण्याची मुदत विषयाप्रमाणे दहावा किंवा विसावा दिवस. कुठल्या विषयाला कुठली, हे कॅटलॉगमध्ये नाही तर त्या क्वार्टरच्या विषयाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. दहा दिवसांवाला विषय पहिली मिडटर्म व्हायच्या आत ठरवावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच त्या विषयाचा गृहपाठ हात लावून बघा, नुसतं लेक्चर ऐकून अंदाज येत नाही. शेकडो मुलांच्या सभागृहात सगळंच सोपं वाटतं.

विंटरची नोंदणी नोव्हेंबरमध्येच सुरू होते, म्हणजे दुसऱ्या मिडटर्मच्या आसपास. तोवर पहिल्या मिडटर्मचे मार्क आलेले असतात. १०२ मध्ये ठीक असाल तर १०३ आणि १०४ दोन्हींची नावं आधी टाका. १०२ मध्ये काठावर असाल तर १०३ सोबत फिजिक्स ७ए ठेवा आणि १०४ स्प्रिंगला ढकला. सहा क्वार्टरच्या कोष्टकात पुढचे विषय कुठे सरकतात ते त्याच बैठकीत लिहून काढा, आणि तो कागद घेऊन ॲडव्हायझरची वेळ नोंदणी उघडण्याच्या आठवडाभर आधीची मागा. नोंदणीच्या आठवड्यात त्यांच्या दाराबाहेर रांग असते.